ट्रायलच्या लाल गाडीला वाली कोण?

गॅस गॅस हा ट्रायल मोटरसायकलींचा ब्रँड १९८५ मध्ये स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात, जिरोना शहराला खेटून असलेल्या साल्ट या गावी सुरू झाला. २०१५ पासून त्याची मालकी तीनदा बदलली. आधी स्पेनमधल्याच टोरोट या कंपनीने तो घेतला, मग ऑस्ट्रियाच्या केटीएमने, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केटीएमच समूहासकट बजाज ऑटोच्या ताब्यात आल्यापासून या मालकीचे शेवटचे टोक पुण्याजवळच्या आकुर्डीत आहे. बसायला आसन नसलेली, जेमतेम सत्तर किलो वजनाची ही लाल गाडी महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर क्वचितच कोणी पाहिली असेल. तरीही ती पुढची दहा वर्षे बनत राहील का, आणि बनली नाही तर आधी विकलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतील का, हे आता बऱ्याच अंशी इथल्या निर्णयांवर ठरणार आहे.

ट्रायल ही वेगाची शर्यत नव्हे. डोंगरउतारावर, ओढ्याच्या पात्रात, मोठाल्या दगडांवरून आणि आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून छोटे छोटे टप्पे आखलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर पंच उभा असतो आणि तो एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे स्वाराचा पाय जमिनीला लागला की नाही. एकदा लागला तर एक गुण दंड, दोनदा लागला तर दोन, तीन किंवा जास्त वेळा लागला तर तीन. गाडी पडली, हद्दीबाहेर गेली किंवा टप्पा पुराच झाला नाही तर पाच. ज्याचा दंड सर्वांत कमी तो जिंकला. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या परिसरात होणारी ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ ही या खेळातली सर्वांत मानाची जुनी स्पर्धा. तिचा उगम १९०९ चा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र १९७५ पासूनची.

अशा खेळासाठी लागणारी गाडी दुसऱ्या कशाच्याच कामाची नसते. युरोपीय संघाच्या वाहन नियमांत ट्रायल मोटरसायकलचा स्वतंत्र उपवर्ग आहे आणि त्याची व्याख्या वाचली की ही गाडी डोळ्यांसमोर उभी राहते. आसनाची उंची जास्तीत जास्त ७०० मिलिमीटर, जमिनीपासून पोटाखालची मोकळी जागा किमान २८० मिलिमीटर, इंधनटाकी चार लिटरपेक्षा मोठी नको, चालू स्थितीतले वजन १०० किलोंच्या आत, आणि मागे दुसऱ्या माणसाला बसायची सोय नाही. प्रत्यक्षात गाड्या यापेक्षाही अंगाने किरकोळ असतात. गॅस गॅसच्या टीएक्सटीची टाकी अडीच लिटरचीही नाही. मागच्या चाकात हवा इतकी कमी ठेवतात की टायर दगडाच्या कडेवर चपटा होऊन तिला धरून बसतो. स्वार सगळा वेळ उभाच असल्याने आसनाची जागा मडगार्डमध्येच विरून गेलेली असते. या गाडीवर कामाला जाता येत नाही, लांबचा प्रवास होत नाही, बाजारहाट होत नाही. म्हणून तिचा ग्राहक मोजका, आणि जगभरातल्या विक्रीचा हिशेब लाखांत नव्हे, हजारांत.

निर्मात्याच्या पाठबळाचा प्रश्न या गाडीच्या बाबतीत इतका टोकदार का होतो, ते तिच्या क्लचकडे पाहिले की कळते. रस्त्यावरच्या गाडीत क्लच गिअर बदलण्यापुरता दाबला जातो. ट्रायलमध्ये स्वाराचे एक बोट क्लचच्या दांडीवरून हलतच नाही. पुरुषभर उंचीच्या खडकासमोर गाडी जागच्या जागी तोलून धरायची, इंजिनाचे फेरे वाढवायचे आणि बोट सोडताक्षणी सगळी ताकद एकदम मागच्या चाकात उतरवायची. गॅस गॅसच्या प्रो मालिकेत यासाठी डायफ्रॅम स्प्रिंगवर चालणारा अगदी आटोपशीर क्लच बसवला गेला. त्यातल्या घर्षणाच्या आणि पोलादी तबकड्या एकावर एक ठेवल्या की त्यांची एकत्रित जाडी पावणेदहा मिलिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, त्यापलीकडे गेले की क्लच तरी घसरतो किंवा दांडी पूर्ण दाबूनही चाक ओढत राहतो. या गाडीचे जाणकार मेकॅनिक तबकड्यांचा गठ्ठा कॅलिपरमध्ये धरून मोजतात आणि वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी तबकड्या अदलाबदल करून माप जुळवतात. ही तबकडी दुसऱ्या कुठल्या गाडीची चालत नाही. रविवारी स्पर्धा असेल तर गुरुवारपर्यंत ती विक्रेत्याच्या खणात असायला हवी. स्वाराच्या लेखी निर्मात्याचे पाठबळ म्हणजे एवढेच. जाहिरात, कारखान्याचा अधिकृत संघ, टोप्या आणि टी-शर्ट हे सगळे त्यानंतर येते.

ट्रायलच्या इतिहासात ब्रँड बुडणे नवे नाही. किंबहुना आजचे बहुतेक ब्रँड कुठल्या ना कुठल्या बुडालेल्या ब्रँडच्या जागेवर उभे आहेत. पेरे पेर्मानयेर आणि फ्रान्सेस्क झाविएर बुल्तो यांनी चाळीसच्या दशकाच्या मध्यास बार्सिलोनात माँतेसा कंपनी काढली. पुढे कंपनीने शर्यतींतून अंग काढून घ्यायचे ठरवले, ते बुल्तो यांना मानवले नाही; ते बाहेर पडले आणि १९५८ मध्ये बुल्ताको उभी राहिली. त्या काळी ट्रायलवर ब्रिटिश चार-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. उत्तर आयर्लंडचा सॅमी मिलर एरियलची अवजड गाडी घेऊन जिंकत होता. बुल्तो यांनी त्याला स्पेनला बोलावून घेतले आणि १९६४ मध्ये दोघांच्या खटपटीतून शेर्पा टी ही हलकी टू-स्ट्रोक गाडी जन्माला आली. १९६५ मध्ये मिलरने तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. टू-स्ट्रोक गाडीने ती स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तिथून ब्रिटिश कारखान्यांचा जमाना मावळला. १९७५ ते १९७९ अशी पहिली पाचही जागतिक अजिंक्यपदे बुल्ताकोवरच्या स्वारांनी मिळवली: मार्टिन लॅम्पकिन, मग तीन वेळा फिनलंडचा युरियो वेस्टेरिनेन, मग अमेरिकेचा बर्नी श्रायबर.

आणि नेमक्या त्याच १९७९ मध्ये बुल्ताकोचा कारखाना थांबला. पुढे काही काळ उत्पादन पुन्हा सुरू झाले, पण १९८३ मध्ये ते कायमचे संपले. शेजारच्या ओसाचीही तीच गत झाली. चित्रपटाचे प्रोजेक्टर बनवता बनवता मोटरसायकलींत उतरलेल्या या कंपनीच्या गाडीवर मिक अँड्र्यूजने १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे स्कॉटिश सिक्स डेज जिंकली होती. दशकभरात तिथेही टाळे लागले. जगज्जेतेपद कारखाना वाचवत नाही, हा धडा ट्रायलने इतक्या लवकर शिकवला.

पण बुल्ताकोच्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कारखाना बंद होऊन चाळीस वर्षे उलटली तरी युरोपातल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत शेर्पा टी आजही डझनांनी उतरते. पिस्टन, रिंगा, क्लचच्या तबकड्या, केबली, टाक्या, सगळे नव्याने बनवून विकणाऱ्या छोट्या कार्यशाळा स्पेन आणि ब्रिटनमध्ये टिकून आहेत. भारतीय वाचकाला हे अपरिचित वाटू नये. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी तिथे बनणारी येझदी रस्त्यावरून गेली नाही, ती लेथवाल्यांच्या आणि जुन्या मिस्त्रींच्या जोरावर चालतच राहिली. त्या पिढीच्या गाडीत असे काहीच नव्हते जे चांगल्या लेथवर आणि मिलिंग मशीनवर पुन्हा घडवता येत नाही.

ओसाच्या पुनर्जन्माने नेमका याच्या उलट अनुभव दिला. २०१० च्या सुमारास हे नाव पुन्हा उचलले गेले आणि टीआर२८०आय ही अत्यंत कल्पक गाडी आली. सिलिंडर उलटा फिरवून बसवलेला, टू-स्ट्रोक इंजिनाला कार्ब्युरेटरऐवजी इंधन-इंजेक्शन. गाडी म्हणून ती तिच्या काळाच्या पुढे होती. पण तिचा जीव इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात होता आणि तसला नियंत्रक गावातल्या कारागिराला घडवता येत नाही. निर्माता गेला की अशा गाडीचा मालक जुन्या भागांच्या शोधात फिरत राहतो. टीएक्सटीने आजवर कार्ब्युरेटर सोडलेला नाही. तंत्रज्ञान म्हणून हे मागासलेले दिसेल. मालकांच्या दृष्टीने मात्र तीच तिची सर्वांत मोठी आयुष्यविम्याची पॉलिसी आहे.

गॅस गॅसचा जन्मही एका ब्रँडच्या मृत्यूतूनच झाला. नार्सिस कासास आणि जुझेप पिबेर्नात हे साल्टमधले मोटरसायकल विक्रेते इटलीच्या एसडब्ल्यूएम गाड्या आणून विकत. १९८१ मध्ये फ्रान्सचा जिल बुर्गा याच एसडब्ल्यूएमवर जगज्जेता झाला होता, पण तीनच वर्षांत कंपनी कोसळली. दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, विकायला गाडी नाही, अशा पेचात या दोघांनी स्वतःच गाडी बनवायचे ठरवले. विक्रेत्यांनी काढलेला हा कारखाना होता, आणि ते त्याच्या गाड्यांत दिसत राहिले: कुठला भाग तुटतो, कुठला पटकन बदलता यायला हवा, याची जाण काउंटरमागे उभे राहून आलेली. १९९३ ते १९९५ अशी सलग तीन जगज्जेतेपदे जुर्दी तारेसने गॅस गॅसवर मिळवली. त्याआधीची चार त्याने इटलीच्या बेटावर मिळवली होती. २००२ मध्ये आलेल्या टीएक्सटी प्रोने ट्रायलच्या गाडीचा आकारच आणखी आवळला. तिच्यावर अॅडम रागाने २००५ आणि २००६ ची अजिंक्यपदे जिंकली. त्यानंतर २००७ पासून माँतेसाच्या टोनी बोऊने या पदाला कोणाला हातच लावू दिला नाही.

पैशांची घडी मात्र बिघडत गेली. २००८ च्या आर्थिक संकटानंतर स्पेनमधली दुचाकींची बाजारपेठ आक्रसली. २०१४ मध्ये गॅस गॅस आणि नवी ओसा एकत्र आल्या. दोन अशक्त कंपन्यांची मोट बांधून एक सशक्त कंपनी होत नसते, तशी इथेही झाली नाही. २०१५ मध्ये गॅस गॅस दिवाळखोरीत गेली, कारखाना थांबला आणि न्यायालयाच्या देखरेखीखालच्या विक्रीत जिरोनाच्याच टोरोटने ती सुमारे ९६ लाख युरोंना घेतली. टोरोट विजेवर चालणाऱ्या छोट्या दुचाकी बनवणारी कंपनी. तिने उत्पादन पुन्हा सुरू केले, पण मोटरसायकलचा कारखाना पोसायची ताकद तिच्यात नव्हती. २०१९ मध्ये केटीएमने ६० टक्के हिस्सा घेऊन सूत्रे हाती घेतली आणि पुढे पूर्ण मालकीही.

केटीएमच्या हाती आल्यावर गॅस गॅस हे नाव कधी नव्हे इतके गाजले. सॅम संडरलंडने २०२२ ची डकार रॅली या नावाच्या गाडीवर जिंकली. होर्हे प्राडोने २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षे मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले. २०२३ आणि २०२४ मध्ये मोटोजीपीच्या ग्रिडवरही लाल गाड्या दिसल्या. पेद्रो अकोस्ताचे पदार्पणाचे वर्ष याच रंगात गेले. पण या सगळ्या गाड्या मुळात केटीएमच्या होत्या. सांगाडा केटीएमचा, इंजिन केटीएमचे, प्लास्टिक आणि रंग तेवढे वेगळे. २०२५ मध्ये मोटोजीपीतून गॅस गॅसचे नाव काढून तोच संघ केटीएमच्या नारिंगीत आला, तेव्हा गाडीत त्यामुळे काही बदलावे लागले नाही. गॅस गॅसची स्वतःची म्हणावी अशी, कॅटलोनियात जन्मलेली आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी ट्रायलची टीएक्सटी हीच. ब्रँडला प्रसिद्धी मिळाली ती उसन्या गाड्यांवर, आणि ज्या गाडीसाठी तो ब्रँड होता ती कोपऱ्यात राहिली. पुढे जे झाले त्याची बीजे या विसंगतीत होती, कारण नुसत्या रंगाचा ब्रँड अडचणीच्या दिवसांत सर्वांत आधी कापला जातो.

अडचणीचे दिवस लवकरच आले. कोविडच्या काळात दुचाकींना आलेली तेजी कायमची समजून केटीएमने उत्पादन वाढवत नेले. मागणी उतरली, व्याजदर चढले, आणि गोदामे न विकलेल्या गाड्यांनी भरली. सायकलींचा धंदा, एमव्ही अगुस्तामधली गुंतवणूक असे पसारेही मांडून ठेवले होते. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी केटीएमने ऑस्ट्रियाच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. केटीएमचा माटिगहोफेन इथला कारखाना डिसेंबरात थांबला, मार्चमध्ये सुरू झाला, एप्रिलअखेर सुट्या भागांअभावी पुन्हा थांबला आणि जुलैअखेर पुन्हा चालू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी ३० टक्के रक्कम घेऊन बाकीवर पाणी सोडायचे मान्य केले. त्या ३० टक्क्यांचीच रक्कम ५० कोटी युरोंहून अधिक होती आणि मे महिन्यापर्यंत ती भरायची होती. ती बजाजने उभी केली. एकूण सुमारे ८० कोटी युरोंच्या अर्थसाहाय्याच्या बदल्यात समूहाचे नियंत्रण बजाजकडे आले आणि पिअरर मोबिलिटी या मूळ कंपनीचे नाव बजाज मोबिलिटी झाले.

बजाज या घरात नवखी नाही. २००७ मध्ये तिने केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला होता आणि तो वाढवत नेला. चाकणच्या कारखान्यात बनलेली २०० सीसीची ड्यूक २०१२ मध्ये भारतात आली, आणि पुढे चाकणहून केटीएमच्या छोट्या गाड्या जगभर जाऊ लागल्या. लहान इंजिनाच्या रस्त्यावरच्या गाड्या मोठ्या संख्येने, कमी खर्चात आणि चांगल्या दर्जाच्या बनवणे हे चाकणचे बलस्थान. ट्रायलची गाडी या गणितात कुठेच बसत नाही. वर्षाला ४० लाखांहून अधिक वाहने विकणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात टीएक्सटी ही ओळ सापडायलाही भिंग लागेल. खर्चकपातीची कात्री घेऊन बसलेल्या व्यवस्थापकाला ती ओळ खोडावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

ती खोडणे चूक ठरेल. याचे पहिले कारण माँतेसाचे उदाहरण. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून माँतेसा होंडाच्या मालकीची आहे. होंडाच्या पसाऱ्यात तीही अशीच किरकोळ, पण होंडाने तिला रंग बदलायचे साधन केले नाही. २००५ मध्ये कोटा ४आरटी ही इंजेक्शनवर चालणारी चार-स्ट्रोक गाडी दिली, तिची मूळ रचना वर्षानुवर्षे कायम ठेवली, त्यामुळे जुन्या-नव्या गाड्यांचे भाग बरेचसे सारखे राहिले आणि विक्रेत्याला साठा ठेवणे परवडले. मोठ्या मालकाच्या घरात छोटा ब्रँड चाळीस वर्षे सुखाने नांदू शकतो, त्यासाठी दरवर्षी नवे मॉडेल काढावे लागत नाही. चार दशकांच्या या सातत्यानेच टोनी बोऊसारखी कारकीर्द शक्य झाली.

दुसरे कारण विश्वासाचे आहे. केटीएमच्या दिवाळखोरीत ज्या पुरवठादारांना रुपयामागे तीस पैसे मिळाले, त्यांतले कितीतरी छोटे आहेत. शंभर-दोनशे नगांची ऑर्डर घेऊन क्लचची तबकडी किंवा सस्पेन्शनची लिंक बनवणारा कॅटलोनियातला कारखानदार मोठ्या ऑर्डरीच्या आशेवर जगत नाही, नियमित पैशांवर जगतो. तो एकदा दुसऱ्या कामाकडे वळला की त्याच्याबरोबर साचे, जिग आणि हाताची सवयही जाते. सुट्या भागांचा पुरवठा आधी अशा ठिकाणी तुटतो, गाडी बंद झाल्याची घोषणा फार नंतर होते.

गाडी नफ्यात नसेल तर ती विकून टाकणे हाही वाईट पर्याय नाही, आणि हे आकुर्डीत मोकळेपणाने बोलले जायला हवे. ट्रायलचा आजचा नकाशा छोट्या, मालकाच्या नजरेखाली चालणाऱ्या कंपन्यांनीच भरलेला आहे. टस्कनीतली बेटा एका कुटुंबाची आहे आणि गाजावाजा न करता पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. फ्रान्सची स्कॉर्पा २००९ मध्ये बुडाली तेव्हा शेर्को या कंपनीने तिला उचलले. खुद्द जुर्दी तारेसने स्पर्धा सोडल्यावर टीआरआरएस काढून कॅटलोनियात ट्रायलच्या गाड्या बनवायला घेतल्या. हा खेळ कळणारी माणसे तिथे आहेत. मात्र विक्री नावाची नको, गाडीची हवी. आराखडे, साचे, सुट्या भागांचा साठा, पुरवठादारांचे करार आणि ही गाडी हाताने जोडणारे कामगार हे सगळे एकत्र गेले तरच नवा मालक काही करू शकेल. नाव ठेवून गाडी टाकणे, किंवा गाडी विकून नाव अडकवून ठेवणे, यांतून दोन्ही मरतील.

यांतले काहीही ठरो, एक गोष्ट त्याआधी करण्यासारखी आहे आणि तिचा खर्च बजाजसारख्या कंपनीला जाणवणारही नाही. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर बनवणे थांबवायचे जाहीर केले, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे चेतकचे भाग तालुक्याच्या गावातही मिळत राहिले, हे महाराष्ट्रातल्या घराघराला माहीत आहे. तोच शब्द आता साल्टमध्ये जन्मलेल्या गाडीच्या मालकांना द्यावा. टीएक्सटीचे सुटे भाग, क्लचच्या तबकड्यांपासून इंजिनाच्या केसिंगपर्यंत, शेवटची गाडी विकल्यापासून किमान दहा वर्षे उपलब्ध राहतील, असे बजाज मोबिलिटीने लेखी जाहीर करावे, आणि ते पुढच्या हंगामाच्या आधी करावे.